पेनं, गॅजेट्स आणि गाडी: तिन्ही सांभाळून चित्रं काढायची कशी

चित्रं काढणाऱ्या माणसाला पेनांचं वेड असतं हे घरच्यांनी एव्हाना मान्य केलेलं असतं, त्यात टॅब्लेट, पॉवर बँक, क्लिपवाला दिवा असलं काहीबाही येऊन मिळालं तरी कोणी फार बोलत नाही, पण त्यात मोटरसायकल आली की प्रकरण हाताबाहेर जातं. माझं गेलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी स्केचिंगला निघायचं म्हणून आधी चेनला तेल, मग हात धुवा, मग वाळलेलं पेन धुवा, मग कळतं टॅब्लेट १२ टक्क्यांवर आहे, तो चार्जिंगला लावला की त्याला तेव्हाच अपडेट सुचतं, आणि ऊन डोक्यावर येतं तेव्हा मी अजून घरातच. चित्र किती झालं? शून्य. तिन्ही छंद एकमेकांचा वेळ खात होते आणि ज्याच्यासाठी हा पसारा मांडला ते कागद काळे करणं तेवढं राहून जात होतं.

आता बऱ्यापैकी जमलंय. कसं जमवलं ते सांगते, ज्यांच्याकडे तिन्ही आजार आहेत त्यांच्यासाठी. क्रम थोडा इकडे तिकडे झाला तरी चालेल, पण आदल्या दिवसाचं काम आदल्या दिवशीच उरका, एवढं ऐकाच.

आदल्या संध्याकाळी: आधी गाडी

गाडी आधी, कारण तिने हात घाण होतात. कागद शेवटी. हे उलट केलं की स्केचबुकच्या कोऱ्या पानावर अंगठ्याचा तेलकट ठसा उमटतो आणि त्या जागेवर शाई बसतच नाही, पाण्यासारखी गोळा होऊन बाजूला सरकते. नायट्रिलचे पातळ ग्लोव्ह्ज घालून काम करा, मी वर्षभर टाळाटाळ केली आणि नखातलं काळं घेऊन हिंडले.

चेनला ल्यूब (वंगण) लावायची चांगली वेळ म्हणजे गाडी चालवून आल्यावर लगेच, चेन कोमट असते तेव्हा ल्यूब आत मुरतं आणि रात्रभर सुकायला वेळ मिळतो. सकाळी निघताना लावलं तर ते सगळं उडून मागच्या चाकावर आणि तुमच्या बॅगेवर. साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंगला ते सोसत नाही आणि आगीची भीती वेगळीच. आणि हे नीट वाचा, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवायचं. गिअर टाकून चेन आपोआप फिरवत साफ करणारे व्हिडिओ भरपूर दिसतात, ते बघून तसं करू नका, चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, मधे बोट गेलं की संपलं, आणि आपलं पोट बोटांवर आहे.

चेनची ढील, म्हणजे ती मधोमध वर-खाली किती हलते ते, बऱ्याच रोडच्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर सांगितलेली असते, उंच सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा मागच्या स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. हवा टायर थंड असताना बघायची, सामान घेऊन जाणार असाल तर मॅन्युअलमध्ये मागच्या टायरला वेगळा आकडा दिलेला असतो तो बघा. मग ऑइल, ब्रेक, पुढचा-मागचा दिवा, इंडिकेटर. सगळं मिळून वीस मिनिटं. मी इथे जास्त लिहीत नाही, गाडी दुरुस्तीवर लिहिणारे माझ्यापेक्षा हुशार लोक खूप आहेत.

पेनं किती न्यायची

चार. मला माहितीये तुमच्याकडे चाळीस आहेत. चारच.

एक मुख्य फाउंटन पेन, ज्याच्यात पाण्याने न पसरणारी काळी शाई. दुसरं वाकड्या निबचं, ज्याला फुडे निब म्हणतात, सेलर कंपनीचं फुडे दे मानेन येतं त्यात ५५ अंशात वाकवलेलं निब असतं, पेन उभं धरलं की बारीक रेघ आणि आडवं केलं की ब्रशसारखा जाड पट्टा, सावल्या भरायला याच्यासारखं काही नाही. तिसरं फेल्ट टिपचं पिगमेंट लायनर (पिगमेंट म्हणजे पाण्यात न विरघळणारे रंगाचे कण), कारण फाउंटन पेनं कधी रुसतील सांगता येत नाही. साकुराच्या पिग्मा मायक्रॉनमध्ये ०५ म्हणजे ०.४५ मिलिमीटरची रेघ, ०१ म्हणजे ०.२५, मी ०५ ठेवते. चौथा वॉटरब्रश, दांड्यात पाणी भरलेला, म्हणजे वाटी-बाटली न्यायला नको. एक पेन्सिल कुठेतरी खोचलेली असतेच, तिला मी मोजत नाही.

महागडं पेन नेऊ नका. गाडीवरून जाणारं पेन पडणार, आपटणार, एखाद्या दगडावर विसरलं जाणार. लॅमी सफारी १९८० साली शाळकरी मुलांना डोळ्यासमोर ठेवून काढलेलं पेन आहे, प्लॅस्टिक भक्कम, क्लिप जाडजूड, निब ओढून बदलता येतं, म्हणजे ते अशाच वापरासाठी जन्मलंय. प्लॅटिनमचं प्रेपी त्याहून साधं, पण टोपणाच्या आत स्प्रिंगवर बसवलेलं दुसरं छोटं टोपण असतं त्याने निब हवाबंद राहतं, महिनाभर हात लावला नाही तरी पहिल्या रेघेला चालू. पेटीत ठेवायचं पेन वेगळं आणि रस्त्यावरचं पेन वेगळं, नाकापेक्षा मोती जड व्हायला नको.

शाई भरणं, आणि ती बाहेर न येऊ देणं

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त रडारड इथे होते. माझी पहिली मोठी राइड, पेन बॅगेत आडवं, अर्धं भरलेलं. पोचल्यावर टोपण उघडलं तर टोपणातच दौत झालेली, बोटं निळी, स्केचबुकची कड निळी, जीन्सवर अजून तो डाग आहे. त्यानंतर हे का होतं ते समजून घेतलं.

पेनात शाईच्या मागे हवा असते. ती गरम झाली की पसरते, आणि पसरायला जागा नसली की शाईला पुढे ढकलते. २५ अंशावरचं पेन उन्हात तापून ४५ अंशाला गेलं तर आतली हवा साधारण ६-७ टक्के फुगू पाहते. घाट चढलात तर आणखी, कारण समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलं की बाहेरचा दाब साधारण ११ टक्के कमी होतो. निबखालच्या फीडला, म्हणजे निबला शाई पोचवणाऱ्या भागाला, ज्या बारीक पात्यासारख्या खाचा असतात त्या ही जास्तीची शाई धरून ठेवायलाच केलेल्या असतात, पण त्यांनाही मर्यादा आहे, आणि वर गाडीचे हादरे, खड्डे. म्हणजे खरा शत्रू शाई नाही, पेनातली रिकामी जागा आहे.

त्यावरून पुढचं सगळं आपोआप येतं. निघताना पेन एकतर काठोकाठ भरलेलं हवं नाहीतर पूर्ण रिकामं, अर्धवट पेन घाटात नेऊ नका. कन्व्हर्टर (पिस्टनने शाई ओढणारी आतली नळी) भरताना निब शाईत पूर्ण बुडवून भरा, बाहेर काढा, निब वर करून टिचकी मारा म्हणजे बुडबुडा वर येतो, पिस्टन हळूच पुढे सरकवून ती हवा बाहेर काढा, परत निब बुडवून उरलेली शाई ओढून घ्या. निब आणि फीड कागदी रुमालाने टिपून घ्या. टोपण घट्ट. पेन न्यायचं निब वर करून, उभं, आणि शक्यतो अंगाजवळ नाही. पोचल्यावर निब वरच ठेवून टोपण सावकाश उघडायचं, फट्कन ओढलं तर टोपण पिचकारीसारखं शाई ओढतं.

काही लोक बॉडीच्याच पोटात थेट शाई भरतात, आयड्रॉपर पद्धत, सिलिकॉन ग्रीस आणि ओ-रिंग लावून. शाई पुष्कळ मावते हे खरं, पण थोडी संपली की आत हवेचा मोठा फुगा तयार होतो आणि तो नुसत्या हाताच्या उबेनेसुद्धा शाई ओकायला लावतो. घरी टेबलावर मजेत वापरा, गाडीवर नको.

शाई कुठली? बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर पेनात जाऊ देऊ नका. इंडिया इंक टाक-बोरूसाठी असते, तिच्यात लाख असते, ती एकदा फीडमध्ये वाळली की ते पेन प्रदर्शनात ठेवायचं. वरून जलरंग लावायचा असेल तर पिगमेंटवाली हवी, प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक त्यातली, सुकल्यावर तिच्यावरून ओला ब्रश बिनधास्त फिरवा. फक्त अशा शाईचं पेन रोज थोडं तरी चालवावं लागतं, आणि चालवलं तरी दोन-तीन आठवड्यांनी धुवावं लागतं. साध्या डायवाल्या (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या) शाया याबाबतीत गरीब असतात, त्या पाण्याने पसरतात पण तेही वापरून घेता येतं, रेघेवर वॉटरब्रश फिरवला की आयती सावली. मी वाकड्या निबात मुद्दाम तसली करडी शाई भरते.

कागदाबद्दल थोडक्यात. पाणी लावणार नसाल तर १०० ते १२० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) पुरतो, पाणी लावणार असाल तर २०० च्या खाली जाऊ नका, सुरकुत्या पडतात. पुठ्ठा कडक हवा कारण टेबल मिळणार नाहीये, मांडी मिळणार आहे.

फोन आणि टॅब्लेट

फोन हँडलबारवर लावून नकाशा बघत जाणं सगळ्यांनाच सोयीचं वाटतं, मलाही वाटायचं. पण चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यातली भिंगं आता स्थिर नसतात, फोटो हलू नये म्हणून ती बारीकशी तरंगत हलतात, आणि इंजिनचे सततचे हादरे नेमके त्या यंत्रणेला मारतात. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने स्वतःच सांगितलं की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन थेट लावू नका आणि छोट्या इंजिनवाल्या गाडीवरही हादरे शोषणारा माउंट वापरा. चित्राचे फोटो काढायचा आपला कॅमेरा तोच आहे, तेव्हा माझा फोन जॅकेटच्या खिशात आणि रस्ता कानात ऐकू येतो. तेवढ्यावर एक-दोन वळणं चुकतात. चुकू देत, चांगल्या जागा अशाच सापडल्यात.

टॅब्लेट न्यायचा का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. उघड्यावर काम करायचं असेल तर माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं. काचेवर ऊन चमकतं, ब्राइटनेस पूर्ण वाढवावा लागतो, त्याने बॅटरी उतरते आणि टॅब्लेट तापतो, तापला की आपणहून स्क्रीन अंधुक करतो किंवा बंदच पडतो. न्यायचाच असेल तर सावलीत बसा, आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॅगेत तो सोडू नका. लिथियम बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त बाधते. स्टायलस वॅकॉमच्या पद्धतीचा असेल तर त्याला बॅटरीच नसते, टॅब्लेटच्या पृष्ठभागाखालून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर त्याच्यातली कॉइल चालते, ते एक सुख. चार्जिंगवाला स्टायलस मात्र शून्यावर महिनोनमहिने ड्रॉवरमध्ये पडू देऊ नका, एवढ्याशा बॅटऱ्या तशा पडून मरतात.

पॉवर बँकेचा हिशोब करून घ्या म्हणजे ऐनवेळी फसवल्यासारखं वाटणार नाही. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टने येताना त्याचे ७,४०० होतात आणि मधली गळती धरली की हातात साधारण ६,००० ते ६,५००. म्हणजे फोन एकदा पूर्ण आणि वर थोडं, टॅब्लेटला पूर्ण पुरेलच असं नाही.

गाडीला यूएसबी सॉकेट बसवताय तर किल्ली फिरवल्यावरच सुरू होईल असा जोडून घ्या, मधे फ्यूज हवाच. मी एकदा थेट बॅटरीला जोडून घेतला होता, सॉकेटवरचा तो छोटासा निळा दिवा आठवडाभर दिवसरात्र जळत राहिला आणि निघायच्या दिवशी गाडी नुसतीच खोकली. मल्टिमीटर असेल तर बघायला सोपं आहे, गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ दिसलं तर ती अर्ध्यावर आलीये, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग नीट चालूये.

बॅग भरणं

जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याकडे. कागद फार जड असतो हे दोन स्केचबुकं टेल बॅगेत (सीटच्या मागच्या बॅगेत) टाकून वळण घेतलं की कळतं, मागचं जास्त झालं की पुढचं चाक हलकं वाटायला लागतं. पाठीवरच्या सॅकमध्ये पाठीच्या कण्याला लागून कडक काही ठेवू नका, पेनाचा धातूचा डबा, ट्रायपॉड, नट आवळायचे पाने काही नको, पडलात तर तेच पाठीत घुसतं. माझी व्यवस्था अशी की टाकीवरच्या पट्ट्यावाल्या बॅगेत फोम आणि त्यात पेनं उभी, स्केचबुक प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशवीत, पॉवर बँक पेनांपासून लांब. बॅग वॉटरप्रूफ असली तरी ती पिशवी सोडू नका, झिपजवळ फाटलेली शिवण कुठून पाणी घेईल सांगता येत नाही.

हाताचं काय

हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम. तुम्ही उजवे असाल तर जो हात तासभर ॲक्सिलरेटर पिळून धरतो तोच हात उतरल्यावर बारीक रेघ मारणार असतो. डावखुरे असाल तर क्लचचा हात. हादऱ्यांनी बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, आणि मग रेघ थरथरली की आपण पेनाला शिव्या घालतो.

ग्रिप पक्ष्याचं पिल्लू धरावं तशी धरा, वजन मांड्यांनी टाकीवर घ्या, मनगटांवर नको. पाऊण तासाने थांबा. हँडलच्या टोकाला जड बार-एंड (टोकाला बसवायचं वजन) आणि जरा जाड ग्रिप याने फरक पडतो. मुंग्या रोजच्याच व्हायला लागल्या किंवा बोटं पांढरी पडायला लागली तर डॉक्टरला दाखवा, छंद म्हणून सोसत बसू नका.

पोचल्यावर पहिली दहा मिनिटं चित्र सुरू करायचं नाही. हेल्मेट काढा, हात झटका, जागा हिंडून बघा, आणि शेवटच्या पानावर नुसत्या रेघा, गोल, लंबगोल मारत बसा. पेनही चालू होतं, हातही.

आता चित्र: आपलीच गाडी काढून बघा

विषय सुचत नसेल तर समोर उभीच आहे. गाडी लावताना जमीन मऊ असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा द्या, उतार असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि बॅग तापलेल्या सायलेन्सरपासून लांब. चित्र अर्धं झाल्यावर मॉडेल आडवं पडलं तर दोन्हीकडून गेलं.

सुरुवात टाकीपासून करायचा मोह होतो कारण टाकी देखणी असते. करू नका, चाकांपासून करा. बहुतेक गाड्यांची दोन चाकं ज्या अंतरावर असतात त्यात मधे जवळपास अजून एक चाक मावतं, जरासं ऐसपैस. म्हणजे एका बाजूने बघून काढताना तीन गोल शेजारी शेजारी काढा, मधला किंचित ताणलेला, त्या मधल्या जागेत इंजिन बसतं. एवढं मोजून घेतलं की गाडी कुत्र्यासारखी लांबुडकी किंवा सर्कशीतल्या सायकलसारखी आखूड होत नाही, नव्या लोकांच्या बहुतेक चित्रांत तेच झालेलं असतं आणि त्यांना कळत नाही काय चुकलंय.

थोडं तिरकं बसलात की चाकांचे लंबगोल होतात. लंबगोलाचा छोटा अक्ष नेहमी चाकाच्या आसाच्या रेषेत येतो, ही एक गोष्ट डोक्यात बसली की चाकं लडखडत नाहीत. आणि स्टँडवर लावलेल्या गाडीचं हँडल बहुतेक वेळा एका बाजूला वळलेलं असतं, म्हणजे पुढचं चाक मागच्यापेक्षा वेगळ्या कोनात, त्याचा लंबगोल वेगळ्या रुंदीचा. दोन्ही सारखे काढले की गाडी खेळण्यातली दिसते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, उभा नसतो, साधारण २४ ते २८ अंश मागे कललेला असतो, क्रूझर असेल तर आणखी.

मग इंजिन. त्यातला प्रत्येक नट काढायचा नसतो. डोळे बारीक करून बघा, चार-पाच काळे आकार दिसतील, ते वाकड्या निबने सरळ काळे करा आणि त्यांच्या मधे उरलेला पांढरा कागद हेच चकाकणारं धातू. फिन्सच्या (इंजिनावरच्या पात्यांच्या) आडव्या रेघा एका बाजूला दाट आणि उजेडाच्या बाजूला सोडून दिलेल्या. स्पोक सगळे मोजू नका, मधल्या हबपासून निघणारे आठ-दहा ठसठशीत, बाकीचे अर्धवट तुटक. टाकी शेवटी, आणि तिच्यावर सगळ्यात कमी रेघा, दोन कडा आणि एक आकाशाचं प्रतिबिंब, संपलं. जमिनीवरची सावली विसरू नका, ती नसली तर गाडी हवेत तरंगते. वीस मिनिटांचं घड्याळ लावून काढा, तासभर बसलात की नट-बोल्ट काढायला लागाल.

घरी आल्यावर

चित्राचा फोटो सावलीतल्या उजेडात, कागदाला समांतर धरून, फोन जरा लांब नेऊन झूम करून काढा, जवळून काढला की कडा फुगतात. छापायचं असेल तर स्कॅनच हवं, ३०० डीपीआयला ए-फोर कागद २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलचा होतो, मोठं करून छापणार असाल तर ६००. फाइल तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. पुढचे काही आठवडे जाणं होणार नसेल तर टॅब्लेट अर्ध्या चार्जवर बंद करून ठेवायचा आणि गाडीच्या बॅटरीला मेंटेनन्स चार्जर, म्हणजे बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा.

आणि पेन. पिगमेंटवालं तेव्हाच धुवा. साधं पाणी, कोमटसुद्धा चालतं, पण गरम नको आणि स्पिरिट तर नकोच, प्लॅस्टिकला तडे जातात. कन्व्हर्टरने पाणी आत-बाहेर करत राहायचं, फारच चिकटलं असेल तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग पुन्हा साधं पाणी. शेवटी निब कागदी रुमालात खाली करून रात्रभर उभं ठेवा, सकाळपर्यंत रुमालावर एक फिकट काळा गोल उठतो. गोल उठला नाही तर पेन सुकलंय, भरून ठेवा.